मेंदूचे संकेत कवटीबाहेरून घ्यायचे की आतून? मराठी टंकनासाठी नेमकं काय पुरेल

रेषाटिंब
प्रकल्पासाठी मेंदू-संगणक जोडणी हा विषय घेणारे विद्यार्थी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतात. आठ चॅनलचं ईईजी (डोक्यावरून मेंदूची वीज मोजणारं) किट मागवतात, परदेशातला रुग्ण मनातलं वाक्य संगणकाकडून बोलून घेतोय असा व्हिडिओ पाहतात आणि तेच आपल्या किटवर होईल असं धरून चालतात. त्या रुग्णाच्या मेंदूत मात्र २५६ इलेक्ट्रोड बसवलेले असतात.

सोलापुरातल्या एखाद्या घरी बोलणं गेलेला, हातपाय न हलणारा माणूस आहे असं समजा. त्याला 'पाणी', 'दुखतंय', 'कूस बदला' हे सांगता यावं आणि पुढे पूर्ण वाक्य लिहिता यावं. डोक्यावरचं ईईजी यात कुठवर साथ देतं? कुठून पुढे इम्प्लांटशिवाय इलाज नाही? महाग ॲम्प्लिफायर घेऊन हा फरक भरून निघत नाही, असं माझं ठाम मत आहे. जाणकारांनी आकड्यांसह लिहावं.

---

भीमातीर
मत बरोबर आहे, कारण अडचण ॲम्प्लिफायरच्या आधीच सुरू होते.

डोक्यावर मिळणारं ईईजी साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचं असतं. ते एकेका पेशीच्या ठिणगीतून येत नाही. मेंदूच्या बाहेरच्या थरातील हजारो-लाखो पिरॅमिडल पेशींवर एकाच वेळी होणाऱ्या सिनॅप्सच्या (पेशींच्या जोडांवरच्या) बदलांची ती बेरीज असते. कवटी वीज फार कमी वाहू देते, त्यामुळे आतला ठिपका बाहेर येईपर्यंत काही सेंटिमीटर पसरतो. साधारण ६ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पट्टा एका तालात चालला, तरच वर ठळक काही दिसतं. यंत्रमागाच्या कारखान्याबाहेर भिंतीला कान लावला, तर सगळे माग एका ठेक्यात पडले तेव्हाच ठोका ऐकू येईल, एका मागाचा धोटा कधी अडकला ते कळणार नाही. तसंच हे.

पेशीचा स्पाइक, म्हणजे एकेका पेशीने सोडलेला विजेचा ठोका, असतो सुमारे १ मिलिसेकंदाचा. तो पकडायला इलेक्ट्रोडचं टोक पेशीपासून साधारण १०० मायक्रोमीटरच्या आसपास असावं लागतं. कवटीवरून हे अंतर गाठणं शक्यच नाही. तिथे २४ बिटचा कन्व्हर्टर लावा नाहीतर ३२ बिटचा.

---

अक्कलकोट_रोड
@भीमातीर, छान. पण 'आतून' हा एकच प्रकार नाही, ते वेगळं करून सांगा. नाहीतर वाचणारे स्पाइक आणि ईकॉग एकत्र कालवतात.

---

भीमातीर
हो, ते वेगळं करायलाच हवं.

कवटी उघडून मेंदूच्या पृष्ठभागावर पट्टी ठेवली की ते ईकॉग. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी वापरतात त्या नेहमीच्या पट्टीवर इलेक्ट्रोड १० मिलिमीटर अंतरावर असतात. संशोधनातल्या दाट पट्ट्यांवर हे अंतर ३-४ मिलिमीटरपर्यंत खाली येतं. इथे ७० ते १५० हर्ट्झचा 'हाय गॅमा' पट्टा स्वच्छ मिळतो आणि बोलण्याच्या हालचाली ओळखायला तोच सर्वात कामाचा. डोक्यावरून याच पट्ट्यात कपाळाच्या आणि जबड्याच्या स्नायूंचा गोंगाट भरलेला असतो.

मेंदूत रोवायची युटा ॲरे ४ बाय ४ मिलिमीटरची. तिच्यावर १०० सुया, त्यातल्या ९६ वापरात, दोन सुयांत ४०० मायक्रोमीटर, लांबी १ ते १.५ मिलिमीटर. प्रत्येक सुई सेकंदाला ३०,००० नमुने देते. १६ बिटने हिशेब केला तर एका ॲरेचे सेकंदाला सुमारे ४६ मेगाबिट होतात. आठ चॅनलचं किट २५० हर्ट्झवर २४ बिटने देतं ४८ किलोबिट. म्हणजे हजारपटीच्या जवळ.

तिसरा रस्ता शिरेतला. सिंक्रॉन कंपनीचा स्टेंट्रोड मानेतल्या शिरेतून सरकवून मेंदूवरच्या मोठ्या शिरेत ठेवतात, त्यावर १६ इलेक्ट्रोड. कवटी उघडावी लागत नाही. पण जागा शिरेच्या वाटेवर मिळेल तीच.

आणि न्यूरालिंकचे ६४ लवचिक धागे, त्यांवर १,०२४ इलेक्ट्रोड. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या माणसात बसवले. नंतर त्यातले बरेच धागे मागे सरकले आणि वापरात येणारे इलेक्ट्रोड कमी झाले. संकेत वाचण्याची पद्धत बदलून त्यांनी कामगिरी परत मिळवली. रोवलेली वस्तू मेंदूच्या हालचालीबरोबर हलते, हे पक्कं लक्षात ठेवा.

---

कडक_भाकरी
वेगाचे आकडे टाका की कोणीतरी. सगळी चर्चा तिथेच येऊन ठरते.

---

जुळे_सोलापूर
टाकतो. तुलना करताना जरा सावध राहा, कारण माणसं वेगळी आणि कामंही वेगळी.

हवी ती खूण चमकली की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत जी लाट उठते ती पी३००. तिच्यावर चालणारा अक्षरफलक फार्वेल आणि डोन्चिन यांनी १९८८ मध्ये मांडला. मिनिटाला काही मोजकी अक्षरं, हा त्याचा वेग.

आतून घेतलेल्या संकेतांत स्टॅनफर्डच्या गटाने २०२१ मध्ये मनातल्या हस्तलेखनावरून मिनिटाला ९० अक्षरं लिहून घेतली. २०२३ मध्ये त्यांचंच बोलण्याचं काम आलं, मिनिटाला ६२ शब्द, १,२५,००० शब्दांचा संग्रह आणि सुमारे २४ टक्के शब्दचुका. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २५३ ईकॉग इलेक्ट्रोडवर मिनिटाला ७८ शब्द गाठले. २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने २५६ रोवलेल्या इलेक्ट्रोडवर ९७ टक्के अचूकता दाखवली.

आता दुसरी बाजू, जी नेहमी गाळली जाते. २०१५ मध्ये चीनच्या गटाने निव्वळ डोक्यावरच्या ईईजीने मिनिटाला सुमारे ६० अक्षरं लिहिली. पडद्यावर ८ ते १५.८ हर्ट्झने लुकलुकणारी ४० खुणांची पाटी, डोक्याच्या मागच्या भागावर ९ इलेक्ट्रोड आणि निरोगी तरुण माणसं. उलट २०२२ मध्ये डोळेही न हलणाऱ्या एएलएसच्या (हळूहळू सगळे स्नायू निकामी करणाऱ्या आजाराच्या) रुग्णात ६४ इलेक्ट्रोडच्या दोन ॲरे बसवूनही वेग होता मिनिटाला साधारण एक अक्षर. म्हणून 'आत बसवलं की वेगवान' हे सरसकट खरं नाही.

---

चिवट_चादर
मग ईईजीचंच ६० अक्षरांचं घ्या ना! शस्त्रक्रिया कशाला?

---

जुळे_सोलापूर
@चिवट_चादर, तिथे मेंदूपेक्षा डोळा जास्त काम करतोय. खुणेकडे नजर रोखावी लागते. ज्याची नजर स्थिर राहते त्याला नजर टिपणारा कॅमेरा तेच काम जेलशिवाय, टोपीशिवाय करून देतो. ईईजीची तुलना 'काहीच नाही'शी करायची नसते, ती नजरेच्या कॅमेऱ्याशी आणि गालाच्या एका स्विचशी करायची. बहुतेक प्रकल्प अहवालांत ही ओळच नसते, आणि रुग्णाच्या दृष्टीने ती पहिली ओळ असायला हवी.

लुकलुकत्या पाटीचे दोन तांत्रिक मुद्दे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर सरळ चालूबंद करायचं असेल तर ६० ला पूर्ण भाग जाणाऱ्याच वारंवारिता मिळतात. ७.५, ८.५७, १०, १२, १५. यात ७.५ आणि १५ एकत्र ठेवू नका, एकाची दुप्पट दुसरीवर पडते. बाकीच्यांसाठी प्रत्येक फ्रेमची प्रखरता साइन लाटेने बदलावी लागते. आणि १५ ते २५ हर्ट्झची लुकलुक प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्याला झटका आणू शकते. घरात कोणाला झटके येतात का, हे आधी विचारलंच पाहिजे.

---

घोंगडी_वस्ती
सोलापूरच्या उन्हाळ्यात डोक्यावरचं ईईजी घ्यायचं म्हणजे वेगळंच काम आहे, त्यावर लिहितो.

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. घामाने अर्ध्या हर्ट्झच्या खालचा संथ हेलकावा येतो. तो फिल्टरने जातो, पण घामाचं खारं पाणी शेजारच्या दोन इलेक्ट्रोडना जोडतं तेव्हा दोन्हींवर एकच संकेत दिसू लागतो. ते कोणत्याही फिल्टरने परत वेगळं होत नाही. सी३ आणि सीझेड (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडच्या ठरलेल्या जागा, मोजायच्या कशा ते खाली) यांचा संबंध अचानक ०.९५ च्या वर गेला तर आधी जेल पुसून पुन्हा लावा. पंखा चालेल, पण त्याचा झोत तारांवर नको. हलणारी तार स्वतःच संकेत तयार करते.

डोक्याला तेल हा दुसरा मुद्दा. खोबरेल चोपडलेलं असेल तर इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यातला विजेचा अडथळा) खाली येतच नाही. आदल्या रात्री शाम्पूने धुऊन, तेल न लावता, केस पूर्ण वाळवून बसवायचं. केसांत भांग पाडून, कातडी घर्षण-जेलने हलकी घासून, मग पेस्ट. ओल्या इलेक्ट्रोडवर ५ किलोओहमच्या खाली आणा. नुसता आकडा कमी असून भागत नाही, सगळे इलेक्ट्रोड एकमेकांच्या जवळपास असावे लागतात. एक ४ वर आणि दुसरा ४० वर असेल तर घरातल्या विजेचा ५० हर्ट्झ दोन्हींत सारखा न राहता फरकात शिरतो.

सी३ ची जागा अंदाजाने ठरवू नका. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्यापर्यंत फीत लावा, दोन्हींचा मध्य म्हणजे सीझेड. कान ते कान ३६ सेंटिमीटर असेल तर त्याच्या २० टक्के, म्हणजे ७.२ सेंटिमीटर डावीकडे सी३, उजवीकडे सी४.

---

अक्कलकोट_रोड
+१. विजेचंही जोडा. लॅपटॉपचा चार्जर काढा, बोर्ड बॅटरीवर चालवा, इन्व्हर्टर त्याच खोलीत नको. बायस इलेक्ट्रोड (सगळ्या चॅनलांवरचा समान गोंगाट दाबणारा) सैल झाला तर सगळ्या चॅनलवर एकदम ५० हर्ट्झ चढतो. एकाच चॅनलवर चढला तर तो इलेक्ट्रोड सैल. एवढा फरक कळला की निम्मी शोधाशोध वाचते.

आठऐवजी सोळा चॅनलचा विस्तार जोडणारे एक विसरतात. ओपनबीसीआयच्या सायटन बोर्डवर ८ चॅनलला २५० हर्ट्झ मिळतात, डेझी जोडून १६ केले की वायरलेसवर ते १२५ होतात. म्हणजे ६२.५ हर्ट्झच्या वर काही बघायचंच नाही.

---

कडक_भाकरी
घरातली आजी म्हणणार डोकं शांत राहायला तेल लाव, आणि टोपी लावणारा म्हणणार धुऊन ये. हा सामना आजीच जिंकेल 😄

---

घोंगडी_वस्ती
आजीला जिंकू द्या, रेकॉर्डिंग झाल्यावर मालिश करायला सांगा. पेस्ट काढायला डोकं धुवावंच लागतं.

---

न्यूरो_नवीपेठ
वैद्यकीय बाजू कोणी मांडली नाही, म्हणून थोडं सविस्तर.

इम्प्लांटचा धोका फक्त शस्त्रक्रियेच्या दिवशी नसतो. युटा ॲरेला कवटीवर बसवलेला जोड लागतो. तो कातडीतून बाहेर येतो, त्याच्या कडेची कातडी आयुष्यभर सांभाळावी लागते. ब्रेनगेटच्या (माणसांत युटा ॲरे बसवणाऱ्या अमेरिकी चाचणीच्या) १४ जणांच्या सुरक्षितता अहवालात सर्वाधिक आढळलेला त्रास हाच, जोडाभोवतीच्या कातडीचा. मेंदूत संसर्ग झालेला किंवा उपकरण काढावं लागलेलं एकही उदाहरण त्यात नाही, हेही सांगायला हवं.

दुसरं, सुईभोवती ग्लायल पेशींचं (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींचं) आवरण वाढतं. काही महिन्यांत, काही वर्षांत सुटे स्पाइक कमी होतात. म्हणून हल्ली स्पाइक वेगवेगळे न छाटता प्रत्येक सुईवर पार्श्वगोंगाटाच्या ठरावीक पटीखाली किती वेळा संकेत गेला, तेवढंच मोजतात. एकेक पेशी ओळखू आली नाही तरी चालतं. तरीही दिवसागणिक फरक पडतो आणि डीकोडर (संकेतांवरून अर्थ काढणारा प्रोग्रॅम) परत जुळवावा लागतो. ईकॉग या बाबतीत जास्त टिकाऊ, तीच जुळणी महिनोन्‌महिने चालते.

आपल्याकडे इम्प्लांटची चाचणी करायची तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली केंद्रीय परवाना आणि नैतिकता समितीची मान्यता लागते. महाविद्यालयीन प्रकल्पात हा रस्ता नाही. पण नैतिकता समिती ईईजीलाही लागते, विशेषतः रुग्णावर प्रयोग असेल तर. हे विसरू नका.

---

रेषाटिंब
@न्यूरो_नवीपेठ, फार उपयोगी. मग ज्याला इम्प्लांट शक्यच नाही अशा विद्यार्थ्याने दोन्ही संकेतांची तुलना करायची कशी?

---

भीमातीर
खुला डेटा आहे ना! बीसीआय (मेंदू-संगणक जोडणी) स्पर्धा ४ चा '२अ' संच घ्या. ९ माणसं, २२ ईईजी चॅनल, २५० हर्ट्झ, डावा हात, उजवा हात, पाय, जीभ असे चार प्रकार. त्याच स्पर्धेचा चौथा संच ईकॉगचा. ३ रुग्ण, १,००० हर्ट्झ, सोबत हातमोज्याने टिपलेली पाचही बोटांची हालचाल. फिजिओनेट या खुल्या डेटासंग्रहावर १०९ जणांचं ६४ चॅनलचं ईईजी आहे, १६० हर्ट्झवर.

ईईजीत ८ ते ३० हर्ट्झ घ्या. हालचाल मनात आणली की हाताच्या विरुद्ध बाजूच्या सी३ किंवा सी४ वर म्यू लय, ८ ते १३ हर्ट्झ, कमी होते. वाढते नव्हे, कमी होते, तेव्हा उलटा अर्थ लावू नका. ईकॉगमध्ये हाच पट्टा आणि ७० ते १५० चा पट्टा वेगवेगळा काढा. 'कुठला हात' हे दोन्हींत कळेल. 'कुठलं बोट' हे ईकॉगच्या हाय गॅमात कळेल. ईईजीत बोटं एकमेकांत मिसळतात. एकच आलेख शेजारी शेजारी ठेवला तरी प्रकल्पाचा गाभा हाती येतो.

दोन ठिकाणी अहवाल फसतो. पुढे-मागे दोन्ही दिशांनी चालणारा फिल्टर वापरला तर भविष्यातले नमुने वर्तमानात येतात, प्रत्यक्ष चालवताना ते मिळणार नाहीत. आणि एकमेकांवर चढणाऱ्या खिडक्या कापून मग प्रशिक्षण-चाचणी अशी सरमिसळ केली तर ९५ टक्के येतात, ते खोटे असतात. आधी प्रयोग वेगळे करा, मग खिडक्या कापा.

---

जुळे_सोलापूर
अचूकतेच्या आकड्याबद्दल आणखी एक. दोनच पर्याय असतील आणि ४० प्रयत्न, तर २६ बरोबर म्हणजे ६५ टक्के आल्यावर कुठे ते नशिबाच्या पलीकडचं मानायला जागा होते. ६० टक्के म्हणजे अजून नाणेफेकच.

आणि 'मनाने चाललेली खुर्ची' दाखवताना कपाळावरचे एफपी१, एफपी२ आलेख उघडे ठेवा. पापणीची उघडझाप १०० मायक्रोव्होल्टच्या वर जाते, ती ओळखायला मेंदूची गरज नाही. त्यावर खुर्ची चालवायला हरकत नाही, पण मग तसं लिहा.

---

शब्दवेल्हाळ
मराठीकडे येऊ का? ६ बाय ६ च्या पाटीत ३६ घरं. आपली व्यंजनं, स्वर, मात्रा, अनुस्वार, हलन्त धरले तर ६४ घरं लागतात. ८ बाय ८ मध्ये ८ ओळी आणि ८ स्तंभ एकेक करून चमकतात, म्हणून एका फेरीत १६ लुकलुक, प्रत्येकी १७५ मिलिसेकंद, म्हणजे २.८ सेकंद. १० फेऱ्यांना २८ सेकंद. 'पाणी' म्हणजे प, काना, ण, दीर्घ वेलांटी, अशा चार निवडी. जवळजवळ दोन मिनिटं.

दोन टप्प्यांत केलं तर? आधी ९ घरांची पाटी, क वर्ग, च वर्ग असं. मग वर्गातलं अक्षर. ३ बाय ३ ला फेरी १.०५ सेकंदाची, १० फेऱ्या १०.५. 'पाणी'ला आठ निवडी, ८४ सेकंद. वेगवान वाटतं. पण एका निवडीची अचूकता ९० टक्के धरली तर एकटप्पी पाटीत चार बिनचूक निवडींची शक्यता ६६ टक्के, दोनटप्पीत आठ निवडींची ४३. शिवाय छोट्या पाटीत हवी ती खूण वारंवार चमकते. ती दुर्मिळ राहत नाही, म्हणून पी३०० ची उंचीही घटते.

माझा उपाय पहिल्या पाटीतलं एक घर 'गरजा' ठेवायचा. त्यात पाणी, दुखतंय, कूस बदला, शौच, पंखा, कोणाला तरी बोलवा. दोन निवडी, २१ सेकंद, संपलं.

---

घोंगडी_वस्ती
@शब्दवेल्हाळ, 'गरजा'चं घर एकदम योग्य. त्यात 'कफ काढा' घाला. अशा रुग्णाला तहानेपेक्षा ते तातडीचं असतं. आणि 'चूक झाली' हे घर प्रत्येक पाटीवर एकाच जागी हवं.

---

पूर्वभाग
सोलापुरात आणखी एक गोष्ट आहे. पूर्व भागातल्या घरी तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड. बोलण्याचं इम्प्लांट कोणत्या भाषेचं बसवायचं?

---

शब्दवेल्हाळ
इलेक्ट्रोड जिभेच्या, ओठांच्या, घशाच्या हालचालींचे संकेत घेतात, शब्दकोश वरून लावतात. स्टॅनफर्डच्या कामात इंग्रजीचे ३९ ध्वनी आधी ओळखले, मग भाषेच्या मॉडेलने शब्द जुळवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २०२४ मध्ये स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्या एकाच रुग्णात दोन्ही भाषा एका ईकॉग पट्टीवरून चालवून दाखवल्या. तत्त्वतः तेलुगू-मराठीही चालायला हवी. पण ळ, ण, ट-ठ, ख-घ यांसाठी त्या माणसाचे स्वतःचे प्रयत्न नोंदवून डीकोडर शिकवावा लागेल, इंग्रजीवरचा उचलून चालणार नाही. मराठी-तेलुगूची भाषिक मॉडेल आत्ता करून ठेवता येतील. त्यासाठी कोणाच्या डोक्याला हात लावायची गरज नाही.

---

चिवट_चादर
हे आवडलं. प्रकल्प म्हणून हेच घेता येईल.

---

रेषाटिंब
मूळ प्रश्नाकडे येतो. आत्ता, या महिन्यात, एखाद्या घरी काय लावायचं? क्रम कोणी सांगेल का?

---

न्यूरो_नवीपेठ
आधी काय शिल्लक आहे ते तपासा. पापणी, भुवई, एक बोट, मान. हो-नाहीची खूण ठरली की कागदावरची वर्गवार पाटी, तिच्यावर घरचा माणूस बोट फिरवतो आणि रुग्ण पापणीने थांबवतो. फुकट आहे, वीज गेली तरी चालते. मग स्विच, मग नजरेचा कॅमेरा. कॅमेऱ्याला खिडकीचं ऊन लागू देऊ नका, त्यातल्या इन्फ्रारेडने बाहुली सापडत नाही.

नजर थकायला किंवा भरकटायला लागली, पण अजून थोडी आहे, तेव्हा ईईजी शिकवायला घ्या. सगळं बंद पडल्यावर सुरुवात केली तर 'हो' कसा दिसतो हे पडताळायला काहीच उरत नाही. आधी कानाने चालणारी पी३०० करून पाहा, कारण डोळे गेल्यावर तीच उरेल. १५ ते ३० टक्के लोकांना हालचालीच्या कल्पनेचं ईईजी नीट जमत नाही, त्यांना तिथे रेटू नका.

इम्प्लांटबद्दल घरच्यांशी बोलायची वेळ येते ती यानंतर. माणसाला पूर्ण वाक्यात बोलायचं आहे, बोलण्याचा प्रयत्न अजून करता येतो आणि त्याची स्वतःची संमती आहे, तेव्हा.

---

जुळे_सोलापूर
या क्रमात एक मोजमाप घाला, टोपी लावायला घरच्या माणसाला किती मिनिटं लागतात. ४० मिनिटं लागत असतील तर आठवड्याभरात टोपी कपाटात जाते, अचूकता कितीही असो. पी३०० ला आठ इलेक्ट्रोड पुरतात: एफझेड, सीझेड, पीझेड, ओझेड, पी३, पी४, पीओ७, पीओ८. तेवढेच लावा. ओल्या जेलऐवजी मिठाच्या पाण्याचे स्पंज घेतले तर १० मिनिटांत बसतात, पण आपल्या उन्हाळ्यात तासाभराच्या आत वाळतात. सिरिंज जवळ ठेवा.

---

रेषाटिंब
कागदाची वर्गवार पाटी आजच काढायला घेतो, 'गरजा' आणि 'कफ काढा' सह. पूर्व भागासाठी तेलुगू अक्षरांची दुसरी बाजू हवी. @पूर्वभाग, तेलुगूचा वर्गक्रम तपासून द्याल का?

---

पूर्वभाग
देतो. क ते म हे पाचही वर्ग तोच क्रम, पुढे ळ आणि ऱ ची जागा बघावी लागेल. आणि ऱ्हस्व ए-ओ वेगळे आहेत, त्यांना दोन घरं जास्तीची सोडा.